दवाखान्यातल्या एकोणीस कुंड्या

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाकडे लोक किस्से मागतात ते माणसांचे. प्लेगचं सांगा, पटकीचं सांगा, साप चावलेला कसा वाचला ते सांगा. ते सगळं माझ्याकडे आहे, नाही असं नाही. पण माणसाच्या दुखण्याची गोष्ट एकदा सांगितली की संपते. कुंड्यांच्या दुखण्याचं तसं नाही. एक सांगायला घ्यावी तर तिच्यामागे तीन उभ्या! मी कधी वहीत लिहून ठेवल्या नाहीत, तरी साठत गेल्या.

जुन्नरच्या पेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. मोटारी अजून यायच्या होत्या. अशात एक दिवस आमच्याकडे नवे डॉक्टर आले, डॉक्टर मराठे. दारात बैलगाडी थांबली. तिच्यातून एक ट्रंक उतरली, एक वळकटी उतरली, आणि मग कुंड्या उतरायला लागल्या. एकोणीस! क्रोटन, फर्न, बिगोनिया, पाम, एक लिंबाचं झाड.

आमचा शिपाई गंगाराम, डिंगोऱ्याचा. तो माझ्या कानाशी लागला. "आपुन डाक्टर मागितला व्हता का माळी?"

आठवडाभर कुंड्या ओट्यावर होत्या. मग बाजाराचा दिवस आला. पेशंट आले, पेशंटांबरोबर त्यांच्या शेळ्याही आल्या, आणि दोन क्रोटन बुंध्यापर्यंत साफ झाले. त्या दिवसापासून सगळ्या कुंड्या आत. खिडकीत, कपाटावर, पेशंटांच्या बाकाशेजारी. डॉक्टरांचं म्हणणं, हिरवं बघितलं की माणसाचा अर्धा ताप उतरतो. उरलेला अर्धा मी उतरवायचा, क्विनाईनने.

*

दोन महिन्यांनी एका क्रोटनच्या देठाशी पांढरा कापूस दिसायला लागला. गंगारामला वाटलं, ड्रेसिंगच्या खोलीतला कापूस वाऱ्याने उडून बसतोय. माणूस इमानी. पिसांचा झाडू घेऊन रोज सकाळी एकेक कुंडी झाडायला लागला. या क्रोटनवरून त्या क्रोटनवर, तिथून फर्नवर, फर्नवरून बिगोनियावर. तीन आठवड्यांत अकरा कुंड्यांवर कापूस!

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गंगाराम छाती काढून म्हणाला, "रोज झाडतो सायेब, तरी रोज नवा येतो. आपल्या दवाखान्यात कापसाला बरकत लई!"

डॉक्टरांनी चिमट्याने एक पुंजका उचलून बशीत ठेवला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. थोड्या वेळाने कापूस चालायला लागला.

"आयला!" गंगाराम दोन पावलं मागे. "ह्याला पाय हाइत!"

मग कासमभाईंना बोलावलं. कासमभाई बागवान बाजारात फळं विकायचे आणि घरामागे रोपं करायचे. झाडाची नाडी कळणारा तेवढा एकच माणूस आम्हाला माहीत होता. त्यांनी बशीकडे बघितलं, मग गंगारामच्या हातातल्या झाडूकडे बघितलं.

"पिठ्या म्हंत्यात ह्याला. ह्यो झाडायचा नसतो, गंगाराम. झाडलास मंजी पेरलास!"

अकरा कुंड्या वेगळ्या खोलीत गेल्या. स्पिरिटमध्ये बोळा बुडवून एकेक देठ पुसायचा, असं पंधरा दिवस चाललं. कापसाने कापूस पुसायचं ते काम शेवटपर्यंत गंगारामनेच केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

*

बाकाशेजारच्या पामला मात्र कधी कीड लागली नाही. इतर सगळ्या झाडांना आलटून पालटून लागायची, पाम तेवढा ठणठणीत. डॉक्टर बुचकळ्यात पडले. उजेड तोच, पाणी तेच, माती तीच.

उलगडा गंगारामने केला. "सायेब, नंबर येईस्तवर लोकं तमाखू खात्यात आन् त्या कुंडीतच थुंकत्यात."

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती, 'येथे थुंकू नये'. ती भिंतीवर तशीच राहिली. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागे नवं काम लागलं. तंबाखू रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळायची, बाटलीत भरायची आणि मावा, म्हणजे कोवळ्या पानांवरचे बारीक हिरवे किडे, दिसेल त्या पानावर मारायची. मावा खरंच मरायचा. काळाभोर पडून खाली यायचा.

आता बाटल्या कुठल्या? दवाखान्यातल्याच. रंगही पोटदुखीच्या मिक्श्चरसारखाच, तपकिरी.

राजुरीचे एक पाटील पोटदुखीचं औषध न्यायला नेमाने यायचे. एके दिवशी ते बाटली घेऊन गेले आणि पाच मिनिटांनी मी फळीकडे बघितलं, तर पोटदुखीची बाटली जागच्या जागी! म्हणजे पाटलांनी तंबाखूचं पाणी नेलं. ते पाणी दोन घोट पोटात गेलं तरी माणूस आडवा व्हायचा. चपला न घालताच मी धावत सुटलो. भर बाजारातून, लोकांना ढकलत, "राजुरीचे पाटील बघितले का?" असं ओरडत.

पाटील वेशीजवळ पिंपळाच्या पारावर बसले होते. बाटलीचं बूच हातात, बाटली नाकाशी. 

पाटलांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. "कंपौंडर, तमाखू झकास हाय. पर चुना इसरलात जनू!"

मी तिथेच पारावर बसलो.  त्यानंतर झाडांचं औषध निळ्या बाटलीत, वेगळ्या कपाटात, कुलपात. किल्ली माझ्या जानव्याला.

*

पेठेत एक मास्तर होते, पेन्शनीत निघालेले. डॉक्टरांचं बघून त्यांनीही घरात कुंड्या मांडल्या. त्या दिवसांत डासामुळे ताप येतो असं काहीतरी नवीन निघालं होतं, आणि मास्तरांच्या ते वाचनात आलं होतं. एक दिवस मास्तर दवाखान्यात आले ते घाबरेघुबरे. घरभर बारीक काळे डास झालेत म्हणाले. बायको, सून, दोन नातवंडं, सगळ्यांना त्यांनी भर उन्हाळ्यात घोंगड्यांत गुंडाळून बसवलं होतं!

डॉक्टर निघाले, मी निघालो, वाटेत कासमभाईंना घेतलं. घरात शिरलो तर घोंगड्यांच्या चार गुंडाळ्या भिंतीशी ओळीने बसलेल्या, घामाने निथळत. कासमभाईंनी एका कुंडीला टिचकी मारली. काळ्या चिलटांचा भुरका उडाला. बोट मातीत घातलं तर चिखल.

"मास्तर, पानी किती घालता?"

"सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. दुपारी कोमेजल्यासारखं वाटलं तर आणखी एक."

कासमभाईंनी बोट धोतराला पुसलं. "मास्तर, हे झाड हाय. म्हैस न्हाई."

पंधरा दिवस पाणी तोडलं. वरची माती काढून कोरडी वाळू पसरली. चिलटं गेली. मास्तरांच्या सूनबाईंनी कासमभाईंच्या घरी डबाभर बेसनाचे लाडू पाठवले. ते झाडांबद्दल नव्हते, घोंगडीतून सुटका केल्याबद्दल होते, असं तिनेच कळवलं.

*

डॉक्टरांच्या हातून एकदाच चूक झाली. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं, की साबणाच्या पाण्यात घासलेट घोटून मारलं तर कुठलीही कीड टिकत नाही. बिगोनियाच्या देठांवर तेव्हा खवले चिकटले होते. खवले म्हणजे मसुराच्या डाळीएवढे तपकिरी किडे, जागचे हलत नाहीत, नख लावलं तरच निघतात.

कासमभाई म्हणाले, "एकेक नखानं काढू. दोन दिस लागतील."

डॉक्टरांना दोन दिवसांचा धीर नव्हता. त्यांनी स्वतः घोटलं, स्वतः मारलं. घोटणं कमी पडलं असावं, घासलेट वर तरंगत होतं. दुसऱ्या दिवशी बिगोनियाची पानं भाजल्यासारखी काळी. तिसऱ्या दिवशी सहा कुंड्यांत नुसते देठ उभे, आणि देठांवर खवले जसेच्या तसे!

डॉक्टर प्रत्येक झाडाची नोंद केसबुकात करायचे, पेशंटांसारखीच. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ टाक हातात धरला आणि मग सहाही नोंदींपुढे एकच वाक्य लिहिलं:

'रोगी दगावला. किडे बरे आहेत.'

*

हे सगळं ज्यांच्या कानावर गेलं त्यांत एक पेन्शनर गृहस्थ होते. गावात त्यांना रावसाहेब म्हणत. दिवाणखान्यात मोठा पाम, त्याच्याखाली शिसवी खुर्ची, समोर पॉलिश केलेली फरशी. त्यांच्याकडे धोंडीबा नावाचा गडी वीस वर्षं कामाला होता.

एक दिवस धोंडीबा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. पेशंट संपेपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, "डाक्टरसायेब, माणूस झोपंत गूळ खातो का?"

डॉक्टरांनी त्याला आत घेतलं. प्रकरण असं, की पामखालची फरशी रोज चिकट व्हायची. धोंडीबा सकाळी पुसायचा, दुपारपर्यंत पुन्हा चिकट, मुंग्यांची रांग. रावसाहेबांचा तर्क झाला की ते वामकुक्षी घेतात तेव्हा धोंडीबा तिथे बसून चोरून गूळ खातो. आधी विचारलं, मग दरडावलं, मग गुळाच्या डब्याला कुलूप घातलं. तरी फरशी चिकट! तेव्हा रावसाहेबांनी सांगितलं, शनिवारपर्यंत कबूल हो, नाहीतर चालता हो.

"वीस वर्सं झाली," धोंडीबा म्हणाला. "आता मलाच वाटाय लागलंय, खात आसंन बी."

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी कासमभाईंना घेऊन गेले. मी औषधाची पिशवी घेऊन मागे. रावसाहेबांनी फरशी दाखवली, जणू खुनाची जागा. कासमभाई उकिडवे बसले. फरशीला बोट लावलं, जिभेला लावलं, आणि वर बघितलं. पामच्या पानांची मागची बाजू खवल्यांनी भरलेली होती. मुंग्या खोडावरून वर चढत होत्या.

"रावसाहेब, हा गूळ वरून पडतोय. किडं रस पित्यात आन् गोड पानी सोडत्यात. जरा उभं ऱ्हाता का? खुर्चीला बी लागलाय."

रावसाहेब उठायला गेले. खुर्ची थोडी बरोबर उठली.

 धोंडीबा दाराशी उभा होता. त्याने पुढे होऊन खुर्ची धरली. रावसाहेब सुटले, त्यांनी उपरणं सारखं केलं आणि धोंडीबाकडे न बघता म्हणाले, "चहा टाक." मग जरा थांबून, "चार कप. तुझा धरून पाच."

*

एकदा पुण्याहून एक गोरा साहेब तपासणीला आला. आम्ही आठवडाभर भिंती धूत होतो. त्याच सुमारास लिंबाच्या झाडाच्या खोडाला भोक पडलेलं दिसलं, खाली लाकडाचा भुसा. आत अळी होती. डॉक्टरांनी जखमेत घालायची सळई आत सारून अळी बाहेर ओढली, घासलेटचा बोळा भोकात दाबला, वर माती लिंपली आणि सवयीने बँडेज बांधलं. अगदी नीट, गाठ मारून.

साहेब बाकावरच्या पेशंटांना बघत बघत लिंबापाशी आला आणि थांबला. बँडेजकडे बोट करून मोडक्या मराठीत म्हणाला, "ह्याला काय झाला?"

डॉक्टर औषधाच्या खोलीत होते. गंगाराम खाडकन ताठ उभा राहिला. "पोटात किडा व्हता, सायेब! काल काढला. आता आराम हाय!"

साहेबाने गंगारामकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. मग शेरेबुक मागवून त्यात काहीतरी लिहिलं. तो गेल्यावर आम्ही धडपडत उघडून बघितलं. डॉक्टरांनी मराठीत करून सांगितलं: 'या दवाखान्यात कोणालाही परत पाठवत नाहीत.'

*

असं नाव झाल्यावर लोक कुंड्या घेऊन यायला लागले. एका बाजाराच्या दिवशी डिंभ्याहून एक बाई आली. ठकूबाई. सात-आठ कोस चालत, डोक्यावर मोगरा. काठ तुटलेल्या मडक्यात लावलेला, माहेराहून आणलेला. घरात चुलीजवळच्या झरोक्यात ठेवायची म्हणाली. पानं पिवळी, ठिपके ठिपके पडलेली, मागे जाळीसारखं काहीतरी.

"दोन वर्सं झाली. फूल न्हाई. ह्याच्यावर करणी केलीया."

"कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

ती मडकं खाली ठेवून बसली. मग सांगितलं. धाकट्या दिराचं लग्न झालं, जाऊ घरात आली, हौसा तिचं नाव. त्याच उन्हाळ्यात मोगरा सुकायला लागला. गावातल्या कुणीतरी सांगितलं, नवी आलीया तिचंच काम. तेव्हापासून एका छपराखाली दोन चुली. दोन वर्षांत दोघींचा एकमेकींशी शब्द नाही. आता दीर म्हणतोय, आम्ही गावच सोडतो.

डॉक्टरांनी पान उलटं करून बघितलं. "बाई, करणी वगैरे काही नाही. हा कोळी आहे."

ठकूबाई ताडकन उठली. "मी म्हनलं नव्हतं? आमी समदी कोळीच हावोत की! तिनंच केलं!"

"अहो, तो कोळी नव्हे!" डॉक्टर गडबडले. "हा किडा आहे, कोळ्याच्या जातीचा."

"आमच्याच जातीचा ना? मंग!"

तिने मडकं उचललंच होतं. मी दार अडवून उभा राहिलो. डॉक्टरांनी कपाटातून भिंग काढलं. डोळ्यात गेलेला कण काढताना वापरायचं ते. पान खिडकीत धरलं आणि म्हणाले, "आधी बघा. मग जा."

ठकूबाईने एक डोळा मिटला. बघितलं. दुसरा मिटून बघितलं. भिंगाखाली लाल ठिपके आठ आठ पायांवर जाळ्यातून फिरत होते.

"हे... हे असलं बारीक आसतंय?"

"मोहरीहूनही बारीक. कोरड्या गरम जागी होतात. चुलीपासून लांब ठेवा, पानं मागून रोज पाण्याने धुवा, आणि हे गंधक भुरभुरवा."

तिने गंधकाची पुडी कमरेला खोचली. मग म्हणाली, "ह्यातलं एक पान मला बाटलीत द्या."

"कशाला?"

"द्या तर."

मी दिलं. मोगरा डोक्यावर घेऊन ती गेली.

दोन बाजार गेले. तिसऱ्या बाजाराला ती परत आली, पुडी संपली म्हणून. मी नवी बांधून टेबलावर ठेवली. ती उचलेना. ओट्यावर एक तरुण बाई खांबाला धरून उभी होती, पदर दातांत. आत यायचं की नाही ते तिचं ठरत नव्हतं.

"तिला बी दावा," ठकूबाई म्हणाली. तिच्याकडे न बघता.

ठकूबाईने परत आणलेल्या बाटलीतलं पान वाळून काळं पडलं होतं. त्यावर काय दिसणार! पण खिडकीतल्या एका क्रोटनला तेव्हा तीच कीड लागली होती. डॉक्टरांनी त्याचं पान तोडलं, भिंग हौसाच्या हातात दिलं आणि बाजूला झाले.

हौसा वाकली. बघतच राहिली. बाकावर वीस-एक पेशंट ताटकळत होते, एरवी त्यांनी गलका केला असता. गंगारामने त्यांना हातानेच थांबवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळून पानावर पडलं. भिंगातून फार वेळ बघितलं की डोळ्याला पाणी येतं, ते मी पुष्कळदा बघितलेलं आहे.

"किती हाइत गं," ती म्हणाली. मान खालीच.

ठकूबाई टेबलाची कड धरून उभी होती. "व्हय. आन् म्या दोन वर्सं..." 

हौसाने भिंग खाली ठेवलं. पदराने आधी भिंगाची काच पुसली, मग डोळे.

"नुसत्या डोळ्यांनी कुटं दिसत्यात, आक्का!"

दोघी बाहेर पडल्या. ओट्यावर बसून फडकं सोडलं, भाकरी मोडली, एकीने दुसरीपुढे सरकवली. मग बाजाराच्या गर्दीत गेल्या.

गंधकाची पुडी टेबलावर तशीच राहिली.